गोळी तीच, नाव वेगळे?

बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजा इथे शिक्षकांशी गप्पा मारत बसलो होतो. विषय कुठून कुठे गेला कोण जाणे, पण एका सरांनी खिशातून औषधाच्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही त्यांच्या आईच्या. दोन्हींत रक्तदाबाचे एकच औषध, अॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. एका पट्टीवर व्यापारी नाव, ते डॉक्टरांनी लिहून दिलेले. दुसरी पट्टी खामगावहून आणलेली, जेनेरिक. तिची किंमत पहिलीच्या निम्म्याहूनही कमी. आईचे म्हणणे मात्र ठाम होते : “सस्त्या गोळीनं मले गुन येत नाही.”

सर म्हणाले, “मी विज्ञान शिकवतो. रेणू तर दोन्हींत एकच. मग आईला खुळी समजूत म्हणून गप्प करू, की तिच्या बोलण्यात काही तथ्य आहे?”

प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची, अपस्माराची गोळी जन्मभर घ्यायची असते. ती महाग असेल तर महिन्याच्या शेवटी दिवसाआड घेतली जाते, आणि दिवसाआड घेतलेली चांगली गोळीही निकामीच. उलट स्वस्त गोळी खरोखरच कमअस्सल असेल तर वाचलेले पैसे पुढे दवाखान्यात दामदुपटीने जातात. तेव्हा ‘दोन्ही एकच’ असे म्हणण्याआधी ‘एकच’ म्हणजे काय हे ठरवायला हवे. गंमत अशी की औषधशास्त्रालाही हे एकदम ठरवता आलेले नाही. गेल्या शंभर वर्षांत या शब्दाचा अर्थ टप्प्याटप्प्याने वाढत गेला, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यामागे एखादा अपघात आहे.

एका औषधाची अनेक नावे

आधी नावांचा घोळ सोडवू. औषधी रेणूचे एक मूळ नाव असते, ते बहुतेक ठिकाणी सारखेच. अॅम्लोडिपिन, पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन ही मूळ नावे. यालाच जेनेरिक नाव म्हणतात. ज्या कंपनीने रेणू शोधला तिला काही वर्षे पेटंट मिळते, आणि ती आपल्या औषधाला एक व्यापारी नाव देते. पेटंट संपले की इतर कारखान्यांना तोच रेणू बनवता येतो. असे बनवलेले औषध म्हणजे जेनेरिक औषध.

भारतात या गोष्टीला एक निराळे वळण मिळाले. स्वातंत्र्यानंतर सरकारने स्वतः औषधनिर्मितीला हात घातला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. पुढे १९७० चा पेटंट कायदा आला, तो १९७२ पासून लागू झाला. या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले. पेटंट फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. साहजिकच आपल्या रसायनतज्ज्ञांनी त्याच रेणूकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटा शोधल्या आणि कारखाने भराभर उभे राहिले. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून रेणूवरचे पेटंट पुन्हा आले, पण तोवर भारत जगाला जेनेरिक औषधे पुरवणारा देश झाला होता.

मात्र या कारखान्यांनी देशातल्या बाजारात आपले औषध मूळ नावाने विकले नाही. प्रत्येकाने त्याला आपापले व्यापारी नाव दिले. त्यामुळे आपण ज्याला ‘कंपनीचे औषध’ म्हणतो ते बहुतेक वेळा मूळ शोधक कंपनीचे नसतेच. तेही जेनेरिकच असते, फक्त नाव लावलेले. सरांच्या टेबलावरच्या दोन्ही पट्ट्या तशाच. पुष्कळदा तर एकाच कारखान्यात बनलेल्या गोळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेष्टनांतून बाहेर पडतात. पट्टीवर ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ अशी दोन नावे छापलेली असतात. ती वाचली की हे कळते. किमतीतला फरक गोळीच्या घटकांपेक्षा जाहिरात, डॉक्टरांकडे फिरणारे प्रतिनिधी आणि मधल्या साखळीचा नफा यांतून जास्त येतो.

पण म्हणून दोन्ही गोळ्या सारख्याच, असे लगेच म्हणता येईल का? इथे तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : लिहिले आहे तेच आत आहे का?

१९२० च्या दशकात भारतातल्या बाजारात भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांचा सुळसुळाट होता. हिवतापाने माणसे मरत होती आणि क्विनाइन म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात पुरेसे क्विनाइन नसे. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. त्यातूनच १९४० चा औषध कायदा जन्माला आला. आजही, पुष्कळ दुरुस्त्यांसह, हाच कायदा चालू आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळेच घडले. १९३७ साली एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात आणले. विरघळवण्यासाठी वापरले डायएथिलीन ग्लायकॉल. गोड, दाट, रंगहीन, पण मूत्रपिंडे निकामी करणारे. शंभरावर माणसे दगावली, त्यांत कितीतरी मुले होती. औषध विकण्याआधी त्याची विषारकता तपासण्याचे बंधन तोवर नव्हतेच. पुढच्या वर्षी अमेरिकेने तसा कायदा केला.

जगाने धडा घेतला असे वाटले. पण १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष पुन्हा आले. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल पाजले जाई. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. रुग्णांची लघवी बंद झाली आणि चौदा जण दगावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने केवळ पुरवठादाराला दोषी धरून विषय संपवला नाही. खरेदी कशी झाली, माल न तपासता वॉर्डात कसा गेला, परवाने कसे दिले गेले, अन्न व औषध प्रशासन काय करत होते, अशी एकेक कडी त्याने तपासली आणि रुग्णालयापासून मंत्रालयापर्यंत ताशेरे ओढले. महाराष्ट्रात औषधाच्या दर्जाविषयी बोलताना आजही लेंटिन आयोगाचे नाव निघते ते यामुळेच.

जे. जे. मधल्या त्या ग्लिसरॉलला व्यापारी नावाचे वलय नव्हते. तेव्हा कोणी म्हणेल, पाहा, स्वस्तातल्या खरेदीचे हे फळ. पण २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली वीसहून जास्त लहान मुले खोकल्याच्या ज्या औषधाने दगावली, त्यातही तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते, आणि त्या बाटलीवर रीतसर व्यापारी नाव होते. त्यांपैकी अनेक मुलांनी आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. दुसरीकडे, २०२३ साली नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला, तर त्यात औषधच नव्हते. त्या गोळ्या सरकारी पुरवठ्यातल्या. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाव देत नाही. ते प्रयोगशाळेतली तपासणी देते.

दुसरा प्रश्न : पुरेसे आहे का?

गोळीत औषध आहे, पण ५ मिलिग्रॅम म्हटले तर तेवढे आहे का? यासाठी औषधकोश असतो. ब्रिटनचा औषधकोश १८६४ सालचा, भारताचा स्वतःचा पहिला औषधकोश १९५५ सालचा. त्यात प्रत्येक औषध ओळखायचे कसे, मोजायचे कसे, अशुद्धी किती चालेल, हे लिहिलेले असते. कारखाना मुंबईचा असो की हिमाचल प्रदेशातला, नावाजलेला असो की अनोळखी, मोजपट्टी एकच. पुष्कळशा गोळ्यांच्या बाबतीत छापलेल्या प्रमाणाच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत औषध असले पाहिजे अशी मर्यादा असते.

१९६० च्या दशकापर्यंत तज्ज्ञांची अशी समजूत होती की ही दोन उत्तरे मिळाली की झाले. रेणू तोच, प्रमाण तेच, मग परिणामही तोच. आपल्या सरांनी मांडलेला तर्क नेमका हाच. हा तर्क चुकीचा ठरला.

तिसरा प्रश्न : रक्तात पोचते का?

विषमज्वरावर त्या काळी क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होते. अमेरिकेत त्याचे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांच्या कॅप्सूल बाजारात आल्या. १९६७-६८ साली त्या निरोगी माणसांना देऊन रक्त तपासले, तेव्हा काही कॅप्सूलमधून मूळ कंपनीच्या मानाने फारच कमी औषध रक्तात उतरत असल्याचे दिसले. प्रमाण बरोबर, शुद्धता बरोबर, तरीही फरक! व्यापारी नावाच्या बाजूने हा मोठाच पुरावा होता.

पण पुढच्याच घटनेने पारडे फिरले. १९६८ साली ऑस्ट्रेलियात अपस्माराच्या काही रुग्णांना फेनिटॉइनची विषबाधा होऊ लागली : तोल जाणे, बोलणे अडखळणे. डॉक्टर बदलले नव्हते, मात्रा बदलली नव्हती, कंपनीही बदलली नव्हती. शोध घेतला तेव्हा कळले की कंपनीने कॅप्सूल भरायला वापरली जाणारी निष्क्रिय पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होते, आता लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग शोषलाच जात नव्हता. लॅक्टोजमुळे तो शोषला जाऊ लागला. ‘निष्क्रिय’ पूड तेवढी निष्क्रिय नव्हती. आणि इथे तर नावाजलेले औषध स्वतःच स्वतःहून वेगळे झाले होते.

तिसरी घटना हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनची. मात्रा किंचित कमी पडली तर गुण नाही, किंचित जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, असे हे नाजूक औषध. १९७१ साली न्यूयॉर्कमधल्या जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या उत्पादकांच्या गोळ्या स्वयंसेवकांना देऊन रक्तातली पातळी मोजली. फरक सातपटीपर्यंत गेला! एकाच उत्पादकाच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक सापडला. ब्रिटनमध्ये तर सर्वांत नावाजलेल्या लॅनॉक्सिन या गोळीची कथा आणखी बोलकी आहे. १९६९ साली तिच्या निर्मितीची पद्धत बदलली आणि ती पूर्वीपेक्षा कमी शोषली जाऊ लागली. हे कोणाच्या लक्षात आले नाही. १९७२ साली ते सुधारले, तेव्हा नवी गोळी जुनीच्या जवळजवळ दुप्पट जोरकस झाली आणि डॉक्टरांना सावध करावे लागले. गोळीवरचे नाव बदलले नव्हते, छापलेले प्रमाणही बदलले नव्हते.

असे का होते? गोळी पोटात गेली की ती आधी फुटते, मग तिच्यातले औषध विरघळते, आणि विरघळलेलेच औषध आतड्यातून रक्तात जाते. जे रेणू पाण्यात सहज विरघळतात त्यांचे फारसे अडत नाही. पण डिगॉक्सिन, फेनिटॉइन यांसारखे रेणू पाण्यात कष्टाने विरघळतात. त्यांच्या बाबतीत कण किती बारीक दळले, कोणती पूड मिसळली, गोळी किती दाबून घट्ट केली, यावर सगळे अवलंबून असते.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. तीन पेल्यांत सारखेच पाणी घ्या. एकात खडीसाखर, दुसऱ्यात नेहमीची साखर, तिसऱ्यात पिठीसाखर, तिन्हींचे वजन सारखे. सारख्याच वेगाने ढवळा आणि विरघळायला लागणारा वेळ मुलांना मोजू द्या. रेणू एकच, वजन एकच, वेळ मात्र वेगळा. मग फळ्यावर गणित मांडा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर हजार घन होतात आणि एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर. वस्तू तीच, पाण्याला भिडणारा पृष्ठभाग दहापट. गोळी पोटात असताना वेळ मर्यादित असतो. विरघळायला उशीर झाला तर औषध तसेच पुढे निघून जाते.

‘एकच’ची नवी व्याख्या

या घटनांनंतर औषधकोश बदलले. १९७० साली अमेरिकेच्या औषधकोशात काही गोळ्यांसाठी विरघळण्याची चाचणी आली : ठरावीक तापमानाच्या द्रवात ठरावीक वेळात किती टक्के औषध विरघळले ते मोजायचे. त्यापुढचे पाऊल १९८४ च्या अमेरिकन कायद्याने टाकले. जेनेरिक उत्पादकाने सगळे प्रयोग नव्याने करायची गरज नाही, पण आपले औषध मूळ औषधाइतकेच आणि तेवढ्याच वेगाने रक्तात पोचते हे दाखवले पाहिजे. याला जैवसमतुल्यता म्हणतात. साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध, काही दिवसांनी जेनेरिक औषध देतात आणि तासातासाला रक्त तपासून आलेख काढतात.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. नियम असा की दोन औषधांच्या गुणोत्तराची मर्यादा ८० ते १२५ टक्के. यावरून पुष्कळ जण, त्यांत डॉक्टरही आले, असे समजतात की जेनेरिक गोळीत २० टक्के औषध कमी असले तरी चालते. तसे नाही. गोळीतल्या प्रमाणाला औषधकोशाची मर्यादा वेगळी आहेच. ही ८० ते १२५ ची मर्यादा रक्तातल्या पातळीच्या मोजणीसाठी आहे, आणि तीही सरासरीसाठी नाही. माणसामाणसांत फरक असल्यामुळे मोजणीत अनिश्चितता असते; तो अनिश्चिततेचा अख्खा पट्टा या दोन रेघांच्या आत बसावा लागतो. पट्टा आत बसायचा तर त्याचा मध्य १०० च्या जवळ असावाच लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या. जेनेरिक आणि मूळ औषध यांत शोषणाच्या एकूण प्रमाणातला सरासरी फरक ३.५६ टक्के आणि सर्वोच्च पातळीतला ४.३५ टक्के निघाला. (८० आणि १२५ हेच आकडे का, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना घाला. ८० ला १०० शी जे गुणोत्तर, तेच १०० ला १२५ शी.)

अशा कसोटीला उतरलेले जेनेरिक औषध काय करू शकते याचे उदाहरण मुंबईचेच आहे. २००१ साली एड्सवरच्या तीन औषधांच्या उपचाराला मूळ कंपन्यांच्या दराने वर्षाला दहा ते बारा हजार डॉलर लागत. सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार एका सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतल्या लाखो माणसांपर्यंत औषध पोचण्याची वाट तिथून उघडली.

पण कसोटी घेणाराच खोटा निघाला तर? तेही झाले. १९८९ साली अमेरिकेत उघडकीस आले की काही जेनेरिक कंपन्यांनी अधिकाऱ्यांना लाच दिली होती, आणि एका कंपनीने तर चाचणीसाठी आपल्या औषधाऐवजी मूळ कंपनीचेच औषध पाठवले होते! २०१३ साली रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीने निकृष्ट औषधे आणि खोट्या नोंदी यांविषयीचे आरोप अमेरिकेच्या न्यायालयात मान्य करून ५० कोटी डॉलर भरले. हे प्रकरण धसाला लागले ते कंपनीतल्याच दिनेश ठाकूर या अभियंत्यामुळे. त्यांनी दाखवून दिले की कागदावरचा आलेख आणि कारखान्यातली गोळी यांत अंतर असू शकते.

आपल्याकडे काय झाले?

भारतात व्यापारी नावांचा प्रश्न फार पूर्वीच ऐरणीवर आला होता. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ च्या अहवालात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत अशी शिफारस केली. १९८१ साली सरकारने अॅस्पिरिन, अॅनाल्जिन, लोहाच्या गोळ्या अशा पाच औषधांपुरता तसा आदेश काढलाही. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि आदेश अमलात आलाच नाही. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेसारख्या संघटनांनी हा विषय गावोगाव मांडला. २००८ साली केंद्र सरकारने जनऔषधी दुकानांची योजना सुरू केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नावानेच औषध लिहिण्याचे बंधन घातले, आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. डॉक्टरांचा आक्षेप असा होता : मूळ नाव लिहिले तर कोणत्या कारखान्याची गोळी द्यायची हे दुकानदार ठरवणार, आणि सगळ्या कारखान्यांच्या दर्जाची हमी कोण देणार?

हा आक्षेप केवळ कमिशनपोटी आहे असे म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. रिफॅम्पिसिन हे त्यातले मुख्य औषध. ते आयसोनियाझिडबरोबर एकाच गोळीत घातले की जठरातल्या आम्लात त्याचे विघटन जास्त होते. गोळी नीट घडवली नसेल तर रक्तात कमी औषध उतरते. म्हणूनच १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की ज्यातले रिफॅम्पिसिन रक्तात पुरेसे पोचते हे सिद्ध झाले आहे तीच संयुक्त गोळी वापरा. कमी पातळी म्हणजे फक्त ‘गुण न येणे’ नव्हे. त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात.

आणि तरीही भारतात जैवसमतुल्यतेची सक्ती फार उशिरा झाली. औषध देशात येऊन चार वर्षे झाली की पुढच्या उत्पादकाला राज्याचा परवाना ही चाचणी न करताच मिळू शके. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला : कष्टाने विरघळणाऱ्या औषधांच्या गोळ्यांसाठी ही चाचणी केल्याशिवाय नवा परवाना नाही. म्हणजे डिगॉक्सिनचा धडा कायद्यात उतरायला आपल्याकडे सेहेचाळीस वर्षे लागली. त्याच वर्षी देशव्यापी औषध सर्वेक्षणाचा अहवाल आला. एकंदरीत सुमारे ३ टक्के नमुने दर्जाला उतरले नव्हते. सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होते. गरिबाच्या वाट्याला येणाऱ्या औषधाची तपासणी सर्वांत कडक हवी. आकडे उलटे बोलतात.

मग आईला काय सांगायचे?

आता पिंपळगाव राजाच्या टेबलाकडे परत येऊ. दोन्ही गोळ्या ‘एकच’ आहेत असे नुसत्या रेणूवरून म्हणता येत नाही. पण व्यापारी नावाची गोळी चांगली आणि जेनेरिक गोळी वाईट, असे म्हणायला तर त्याहून कमी आधार आहे. फरक पडतो तो तपासणी झालेल्या आणि न झालेल्या गोळीत, आणि तो पट्टीवरच्या नावावरून ओळखू येत नाही.

आईच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी असू शकते. गोळीचा रंग-आकार बदलला की माणसाचा विश्वास डळमळतो. अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. गोळीचा रंग बदलल्यावर औषध मध्येच थांबण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी ‘पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची’ हीच ओळख असते. ती एकाएकी बदलली तर भीती वाटणे साहजिक आहे, आणि ती समजावून घालवणे हे घरातल्या शिकलेल्या माणसाचे काम आहे.

त्यापुढे मात्र ‘गुण’ मोजला पाहिजे. रक्तदाब वाढला किंवा उतरला हे बहुधा जाणवत नाही. तेव्हा गोळीने गुण येतो की नाही हे अंगाला विचारून कळणार नाही, यंत्रालाच विचारावे लागेल. आम्ही सरांना सुचवले ते असे : डॉक्टरांना सांगून बदल करा. आधी जुन्या गोळीवर दोन आठवडे, रोज ठरल्या वेळी, पाच मिनिटे स्वस्थ बसवून आईचा रक्तदाब मोजा आणि वहीत लिहा. मग नव्या गोळीवर तीन आठवडे तसेच करा. अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, म्हणून बदलानंतरचा पहिला आठवडा हिशेबात धरू नका. मग दोन्ही सरासऱ्या काढून डॉक्टरांना दाखवा. एका माणसावरचा हा प्रयोग सगळ्या जगासाठी पुरावा ठरणार नाही, पण आईच्या प्रश्नाचे तो प्रामाणिक उत्तर देईल. फेनिटॉइन, डिगॉक्सिन, थायरॉईडची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफरिन ही नाजूक औषधे मात्र आपल्या मनाने एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे बदलू नयेत. बदल करायचाच झाला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि आवश्यक त्या तपासण्या करून.

वर्गासाठीही एक काम आहे. मुलांना घरातल्या रिकाम्या पट्ट्या आणायला सांगा. मूळ नाव, व्यापारी नाव, उत्पादक, विक्रेता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि किंमत यांचा तक्ता करा. २०१८ पासून एकाच औषधाच्या गोळ्यांवर मूळ नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे. तो पाळला आहे का ते पाहा. एकच मूळ नाव किती व्यापारी नावांखाली आले, किमतीत किती अंतर निघाले, हे मुलांना स्वतः शोधू द्या. बॅच क्रमांकाचे महत्त्वही सांगा. औषधाविषयी शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, पण पट्टी जपून ठेवलेली आणि बिल घेतलेले असेल तर ती तक्रार पुढे सरकते.

निघताना सरांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा खिशात ठेवल्या आणि एक कोरी वही मागवली. पहिल्या पानावर त्यांनी चार रकाने आखले : तारीख, वेळ, गोळी, रक्तदाब. गोळीच्या रकान्यात व्यापारी नाव लिहायचे की मूळ, यावर ते क्षणभर थांबले. मग दोन्ही पट्ट्यांवरचे बॅच क्रमांक लिहिले.